अकरा नंबरचा दिवा

"गेला! ताई, पुन्हा गेला पाहा!" इंद्रभानकाका टेबलाशी बसूनच ओरडले.

महामायाला ते आधीच दिसलं होतं. जोडणी दुरुस्त करायला आलेली ती सकाळपासून स्टूल टाकून भिंतीवरच्या स्विचसमोर बसली होती. चोवीस तोंडांची ती चपटी पेटी. एकेका तोंडात वायर, वायरीच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी कॉम्प्युटर, आणि तोंडावर एक इवलासा हिरवा दिवा. बाकीचे दिवे लुकलुकत होते, अकरा नंबरचा विझला होता. तिने मनात आकडे म्हणायला सुरुवात केली. सातापर्यंत पोचते तोच दिवा परत लागला, जसं काही घडलंच नव्हतं.

जळगाव जामोदच्या या बीज तपासणी केंद्रात महिनाभर हेच चाललं होतं. ओल्या कागदावर मांडलेल्या शंभर दाण्यांपैकी किती उगवले ते कॉम्प्युटरमध्ये भरायचं, हे इंद्रभानकाकांचं काम. मधेच जोडणी तुटली की भरलेलं सगळं पुसलं जायचं. काकांना हे झेपत नाही, वायरीला त्यांचाच पाय लागत असणार, असं केंद्रप्रमुख अनुपमा मॅडमनी ठरवून टाकलं होतं. सोमवारपासून काकांची रवानगी गोदामावर होणार होती. निवृत्तीला चार महिने उरलेले.

"मी वायरीले पाय लावला नाही वं माय," काका हळू आवाजात म्हणाले. "तीस वर्षं झाले मले इथं. हातानं लिहत होतो तवा एक खाडाखोड नव्हती. आता सारे म्हणून राह्यले, म्हाताऱ्याले जमत नाही."

"थांबा काका, घाई नका करू. सापडते."

तिने आधी चौदा नंबर मोकळा करून काकांची वायर अकरातून काढून त्यात खोचली. थोड्या वेळाने चौदाचा दिवा विझला. म्हणजे पेटी ठीक होती, खोट वायरीतच होती. मग टेबलापासून भिंतीपर्यंतचा तुकडा बदलला. तरीही दिवा विझलाच. आता उरली ती भिंतीवरून, छताखालून गेलेली लांब वायर. तिने काकांची जोडणी परत अकरा नंबरात लावली आणि पुन्हा स्टूलवर येऊन बसली.

एप्रिलची दुपार. खिडकीबाहेर सातपुडा उन्हात विरघळल्यासारखा निळसर, आहे की नाही असा. खोलीत ओल्या कागदांचा, कोंब फुटलेल्या सोयाबीनचा कच्चा वास. त्या हिरव्या दिव्यांकडे पाहता पाहता महामायाचे डोळे जड झाले आणि कसलीशी अखंड गुणगुण तिच्या कानात भरत गेली.

तिचे वडील कचरू टेलिफोनच्या खांबांचे खड्डे खणायचे. वडनेर भोलजीपासून नांदुऱ्यापर्यंत त्यांच्या हातचे कितीतरी खांब उभे होते. सुट्टीच्या दिवशी लहानग्या महामायाला ते बरोबर न्यायचे आणि खांबाला कान लावायला सांगायचे. "आयक. दूरदूरचे लोकं बोलून राह्यले." तिला शब्द कधी ऐकू आले नाहीत. नुसती मधमाश्यांसारखी गुणगुण यायची, आणि वाटायचं, त्या गुणगुणीत सगळं जग कुणाकुणाला हाक मारतंय. मोठी होऊन ती वायरींचंच काम शिकली, तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "तुह्या वायरी बोलतात का वं?" ती म्हणाली होती, "नाही बाबा. ह्या डोळे मिचकावतात." बाबा किती तरी वेळ हसत होते.

महामाया एकदम भानावर आली. गुणगुण अजून चालूच होती. आणि त्या गुणगुणीतच अकरा नंबरचा दिवा विझला, पुन्हा लागला.

"काका, हा आवाज कायचा हो?"

"मॅडमचा कूलर. सकाळी मॅडम मीटिंगले गेल्या होत्या. आल्या तसा चालू हाये."

सकाळभर दिवा एकदाही गेला नव्हता. जायला लागला तो मॅडम परतल्यावरच.

ती मॅडमच्या केबिनमध्ये गेली. "अर्धा तास कूलर बंद ठेवता का, मॅडम?" मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या, पण बटण बंद केलं. अर्धा तास दिवा हलला नाही. कूलर लावल्यावर चौथ्या मिनिटाला विझला.

महामायाने केबिनमागे शिडी लावली. महिन्यापूर्वी कूलर ज्या नव्या लोखंडी चौकटीवर बसवला होता, तिला लागूनच वायरीच्या जोडाची डबी होती, आणि मोटारीबरोबर तीही थरथरत होती. तिने झाकण उघडलं. आत वायरीवर पिवळी पडलेली चिकटपट्टी. तिच्यावर अकराचा आकडा, तारीख आणि दोन अक्षरं: म. क.

अक्षर तिचंच होतं. नऊ वर्षांपूर्वीचं.

त्या दुपारी ती याच भिंतीशी, अशाच शिडीवर होती. शेवटचा जोड राहिला होता. तेवढ्यात भावाचा, संघपालचा फोन आला. "ताई, बाबा गेले." आठ बारीक तारा तिने कशाबशा ओळीत धरल्या, दाबल्या, डबीत कोंबल्या. तपासणीचं यंत्र न लावताच ती खाली उतरली आणि बस पकडायला धावली. एक तार शेवटपर्यंत पोचलीच नव्हती. नऊ वर्षं ती नुसती टेकून राहिली होती.

शिडीवर ती तशीच बसून राहिली. बोटांत त्या तारेचं बोटभरही नसलेलं टोक. बाबांच्या मरणाची दुपार इतकी वर्षं या डबीत बसली होती.

नवा जोड करायला दोन मिनिटं लागली. या वेळी तिने तो तीनदा तपासला. जुना जोड खिशात टाकून 'कूलरच्या हादऱ्यामुळे' एवढंच लिहिलं असतं, तरी ते खोटं नव्हतं. काका सुटले असते, तीही सुटली असती. जूनमध्ये तिचं कंत्राट पुन्हा व्हायचं होतं. पण महिनाभर काका जी चूक अंगावर घेऊन बसले होते, ती तिची होती.

तिने अहवालात लिहिलं: बिघाड अकरा नंबरच्या वायरीच्या जोडात. कूलरच्या हादऱ्याने उघड झाला. जोड नऊ वर्षांपूर्वी मी केला होता, तपासला नव्हता. इंद्रभान यांचा दोष नाही.

मॅडमनी ते दोनदा वाचलं. "नऊ वर्षांपूर्वीचं कुणाला आठवणार होतं?"

"मले आठवलं ना, मॅडम."

"हे मला वर पाठवावं लागेल."

"हाव. पाठवा."

जूनमध्ये तिचं कंत्राट दुसऱ्या कुणाला गेलं. पण ते पुढचं. त्या दुपारी मॅडम कागद घेऊन स्वतः उठल्या आणि बाहेर इंद्रभानकाकांच्या टेबलाशी आल्या. खोलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या.

"इंद्रभानजी, तुमची काही चूक नव्हती. मी उगाच..."

काकांच्या समोर सोयाबीनचा ओला कागद पसरलेला होता. त्यांनी वर पाहिलं नाही.

"थांबा मॅडम जरा," ते म्हणाले, "मोजणी चालू हाये."

मॅडम थांबल्या. काका एकेक कोंब बोटाने हळूच बाजूला सारत राहिले. त्यांना कसलीही घाई नव्हती.