जुळ्यांच्या आईचं माप

आयरीला इस्पितळात ठेवून आठवडा झाला होता. त्याआधी महिनाभर पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. जेवण नाही, बोलणं नाही. तिची जुळी बहीण वेर्ना घरभर हसत वावरत होती, पण माझा घोर आता वेर्नाचाच. दोघी हुबेहूब, एकाच बीजाच्या. एकीला ज्या दुखण्याने धरलं ते दुसरीला सोडेल का?

अशात विद्यापीठाची जोआन आली. मिनेसोटातल्या आमच्या खाणगावात ती मधूनमधून येते, जुळ्यांचे स्वभाव विचारते. हजारो जोड्यांची उत्तरं ताडून माणसाच्या मनात रक्ताचं किती, बाकीचं किती, ते काढते म्हणे. मी कॉफी ओतली, पुल्ला, आमचा वेलदोड्याचा गोड पाव, कापला, बसले, परत उठले.

"लेम्पीमावशी, बसा की जरा."

"बसून कुणाचं भलं झालंय? विचार तुझं."

"वेर्ना उदास असते कधी?"

"ही? छे! रडणं आयरीच्या वाट्याचं. ही हसतच जन्मली."

"आई, पुरे," खिडकीपाशी उभी असलेली वेर्ना म्हणाली.

"का? खोटं बोलतेय मी?"

"कामावरून आले की मी गाडीतच बसते. रडून घेते, मग घरात येते. रोज."

"मग सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?"

"गावभर सांगत फिरतेस, माझी वेर्ना हसरी. मग रडू कुठे?"

जोआनने पेन खाली ठेवलं. "जुळ्यांच्या आया एकीला दुसरीशी मापतात, मावशी. आयरीशेजारी कुणीही आनंदीच दिसेल. म्हणून आम्ही मुलींना वेगळं विचारतो आणि आईचं उत्तर हिशेबात सावरून घेतो."

"माझं उत्तर सावरणारी तू कोण गं? दोघींना एकदम अंगावर पाजलंय मी!" मी कप बशीवर आपटला. "ते मरू दे. हीसुद्धा आडवी पडणार का, तेवढं बोल."

"एकट्या वेर्नाचं काय होईल, ते आमचं गणित सांगत नाही. हजारो माणसांत फरक कशाने पडतो, एवढंच कळतं. पण हिला आजच डॉक्टरकडे न्या."

"मी नाही येणार," वेर्ना म्हणाली. "मलाही ठेवून घेतील."

"ठेवून तर बघू देत! दारातच ठाण मांडते." मी कोट तिच्या अंगावर टाकला, गाडीची चावी तिच्या हातातून काढून घेतली.

"आई, बर्फात तुला गाडी जमत नाही."

"न जमायला काय झालं? तू बाजूला बस आणि रड. रस्त्याचं मी बघते."