हरलेल्या सामन्यांचे मफलर

मी एक जुने विणकाम यंत्र आहे. मित्रांनो, 'जुने' म्हटल्याबरोबर कोपऱ्यात गप्प बसलेली एखादी वस्तू तुमच्या डोळ्यांसमोर आली असेल. पण गप्प बसणे माझ्या हाडातच नाही. माझा लोखंडी पाट दोन हात लांब आहे. त्यावर दोनशे सुया ओळीने निजलेल्या असतात आणि त्यांच्यावरून एक मूठ लावलेली गाडी इकडून तिकडे, तिकडून इकडे धावते. एक फेरी झाली की लोकरीची एक ओळ विणली जाते. फेरी थांबली की मला चैन पडत नाही. आणि मला जी मालकीण मिळाली, तिला तर माझ्याइतकेही चैन नव्हते.

तिच्याकडे येण्याआधी मी चौदा वर्षे एका कारखान्यात शाळेचे स्वेटर विणले. तिथल्या देखरेखीच्या बाई माझ्यावर हात फिरवून म्हणत, "हे यंत्र कधी टाका गाळत नाही." मग विजेवर चालणारी यंत्रे आली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. लोक माझ्यावर ओल्या छत्र्या वाळत घालू लागले. सुयांवर गंज चढला. डोक्यावरून दिवसभर पावले धडधडत जायची, आणि आपण एकही ओळ विणत नाही या विचाराने माझा जीव वरखाली व्हायचा. शेवटी कारखानाच बंद पडला आणि मला घेऊन जायला एक बाई आली.

ती फुटबॉलच्या मैदानावर तिकिटे द्यायची. खिडकीतून दिसतील तेवढी माणसे ती ओळखायची, आणि ती माणसे तिला खिडकीताई म्हणायची. तिचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. मला दारातून आत ढकलताना तो म्हणाला, "अगं, ही तोफ कुणावर डागणार आहेस?"

"मफलर विणणार आहे. आपल्या संघाला बघायला येतात ना, त्यांच्यासाठी."

"संघाच्या दुकानात मिळतात की."

"ते संघाचे. नाव संघाचं, झेंडा संघाचा, रंग संघाचा. ही माणसं थंडीत, पावसात येतात, घसा फोडतात आणि घरी जातात. त्यांचं असं त्यांच्याकडे काय आहे, सांगा बरं?"

नवऱ्याने माझ्या सुया रॉकेलमध्ये भिजत घातल्या.

पहिल्या वर्षी तिने आपल्या मालाचे नाव ठेवले 'गर्जना'. नवऱ्याने चौकटीच्या कागदावर वाघाचे तोंड काढले. मी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरून नक्षी विणते, त्यामुळे प्रत्येक मिशी मला चौकोनात बसवावी लागली. तो वाघ थेट जांभई देणाऱ्या मांजरासारखा झाला. नवरा म्हणाला, "माझा वाघ चांगला होता. तुझ्या तोफेने त्याला उपाशी ठेवलं." तरी काही लोकांनी ते मफलर घेतले. पण संघ सलग सात सामने हरला. एका दुपारी खिडकीताई घरी आली ती चपलाही न काढता माझ्यासमोर बसली. एक माणूस बाहेर पडताना आपला मफलर घडी करून कोटाच्या आत लपवताना तिला दिसला होता.

"हरल्यावर लपवावं लागेल असलं काही मला करायचं नाही," ती म्हणाली. 'गर्जना' तिथेच संपली.

पुढच्या हंगामात तिने नऊ नंबरच्या खेळाडूचे मफलर विणले. तो गोल करत होता, मफलर हातोहात खपत होते. माझी गाडी तापायची. तिच्या खांद्याला सूज आली, तरी ती हसायची. आणि अर्धा हंगाम उलटतो न उलटतो तोच तो खेळाडू दुसऱ्या संघात गेला. त्या आठवड्यात एका बाईने तिकिटाच्या खिडकीतून मफलर आत सरकवला. "आता मी ह्याचं काय करू?" एवढेच विचारून ती निघून गेली. दिवस मावळेपर्यंत असे नऊ मफलर जमले. खिडकीताईने ते सगळे उसवले. मित्रांनो, उसवलेली लोकर पटकन सरळ होत नाही. नागमोडी राहते. धुवून, वजन बांधून दिवसेंदिवस टांगावी लागते. तिचेही तसेच झाले.

अशी सहा वर्षे गेली. ती नवे नाव काढायची, मी विणायचे, ती उसवायची. नवरा प्रत्येक नावाची पाटी रंगवायचा आणि पुढच्या वर्षी त्याच पाटीवर दुसरे नाव. "ही फळी आता रंगानंच उभी आहे," तो म्हणायचा. ती मात्र हसेनाशी झाली होती. खोलीतून स्वयंपाकघरात जायची, कशाला आले ते विसरायची, परत यायची, माझी मूठ धरायची आणि सोडून द्यायची. गाडी अर्ध्यावर अडकवून ठेवल्यावर मला जसे होते, तशी ती मला दिसायची.

मग खेळाच्या सामानाचा एक मोठा व्यापारी आला. त्याने सोबत नमुना आणला होता. पातळ कापड, समोरून झगझगीत छपाई आणि मागून कोरे पांढरे.

"ताई, तुम्ही फक्त नाव द्या," तो म्हणाला. "बाकी सगळं आमची गिरणी बघेल. तुम्हाला कशाला हा ताप?"

तो गेल्यावर नवरा पहिल्यांदाच चिडला. "दे ना नाव! खांदा बघ स्वतःचा. एक रविवार आपण धड बसून जेवलो नाही."

"कशाचं नाव देऊ?" ती नमुना उलटा करून त्याच्यापुढे धरत म्हणाली. "मला काय करायचंय तेच अजून सापडलेलं नाही. ह्याच्या मागच्या बाजूसारखं कोरं आहे डोकं."

तिने व्यापाऱ्याला नकार कळवला आणि मलाही खोळ घातली. दीड वर्ष ती खोळ निघाली नाही. माझ्यावर इस्त्रीचे कपडे साठू लागले. मी आत सुया आवळून बसले होते आणि वाटत होते, झाले, आता पुन्हा जिन्याखाली.

खोळ निघाली ती टपालकाकांमुळे. टपाल खात्यातून निवृत्त झालेले हे काका प्रत्येक सामन्याला यायचे. एकच रांग, एकच खुर्ची. त्या हंगामात ते दिसेनात. एके दिवशी त्यांच्याऐवजी त्यांची मुलगी खिडकीशी आली आणि तिकीट मागण्याऐवजी तिने दोऱ्याने बांधलेला एक जाडजूड गठ्ठा पुढे केला. फाडलेल्या तिकिटांचे अर्धे तुकडे होते ते. प्रत्येकाच्या मागे काकांच्या सुबक अक्षरात एकच शब्द. हरलो. हरलो. बरोबरी. हरलो. जिंकलो. हरलो.

"बाबांचं अंग लुळं पडलंय," ती म्हणाली. "नीट दिसत नाही, बोलणंही गेल्यासारखंच. हात मात्र सारखे चाळवत असतात, चादर ओढतात, काहीतरी शोधतात. हे तुकडे दिले तर सांडून जातात. तुम्ही त्यांना इतकी वर्षं ओळखता. काय देऊ मी त्यांच्या हातात?"

खिडकीताई तो गठ्ठा घरी घेऊन आली. खोळ ओढून बाजूला टाकली आणि एकेक तुकडा माझ्या पाटावर मांडत बसली. तीनशे बारा सामने. "बघा हो," ती नवऱ्याला म्हणाली, "हे 'संघ हरला' असं लिहीत नाहीत. 'हरलो' लिहितात."

त्या आठवड्यात ती खिडकीवर नसेल तेव्हा माझ्यापाशी असायची. एका सामन्याला चार ओळी. हरल्याच्या गडद निळ्या, बरोबरीच्या राखाडी, जिंकल्याच्या पिवळ्या. काकांना दिसत नव्हते, म्हणून पिवळ्या ओळींत तिने मला एक सोडून एक टाका धरून ठेवायला लावला. तसे केले की कापड तिथे फुगून येते आणि बोटांना उंचवटा लागतो. मी जन्मात इतका निळा मफलर विणला नव्हता. निळा, निळा, राखाडी, निळा, आणि मध्येच कुठेतरी एक पिवळा उंचवटा. मफलर माणसाच्या दुप्पट लांब झाला.

मुलगी तो घेऊन गेली आणि आठ दिवसांनी परत आली. खुर्चीवर टेकलीही नाही.

"त्यांनी चादर ओढणं सोडलं," ती म्हणाली. "दिवसभर मफलर बोटांतून पुढे सरकवत असतात. काल फुगीर पट्टीवर बोट थांबलं आणि म्हणाले, 'जिंकलो'. स्पष्ट म्हणाले. महिन्याभरातला पहिला शब्द."

खिडकीताईने माझी मूठ घट्ट धरली. मुलगी निघाली तेव्हा तिने विचारले, "मॅचला निघताना काका घरात काय म्हणायचे?"

"काही विशेष नाही. आई म्हणायची, रोज हरतात, कशाला जाता? तर म्हणायचे, हजर राहायला नको का?"

नवऱ्याने फळीवर शेवटचे नाव रंगवले. हजर.

मित्रांनो, 'हजर'चा नियम साधा होता. तिकिटाचा तुकडा दाखवायचा आणि त्या सामन्याची पट्टी विणून घ्यायची. मफलरचे वरचे टोक खिडकीताई बंद करत नसे. मोकळे टाके ती एका पांढऱ्या दोऱ्यावर ओवून देई, म्हणजे पुढच्या सामन्यानंतर ते पुन्हा माझ्या सुयांवर चढवता येत. मफलर कधी पूर्ण व्हायचाच नाही. एका गृहस्थांनी फक्त जिंकलेल्या सामन्यांचा मफलर मागितला. ती म्हणाली, "तसा माणूस मला या मैदानावर अजून भेटलेला नाही." तो व्यापारीही परत आला. तिने त्याला चहा दिला आणि विचारले, "कोण हजर होतं हे तुमच्या गिरणीला कोण सांगणार?" त्याने चहा संपवला, स्वतःशीच हसला आणि गेला.

सामन्याच्या दिवशी मला मैदानावर नेऊ लागले. खिडकीला लागूनच्या खोलीत मी बसायचे. सामना संपला की तिकिटे बंद आणि विणकाम सुरू. बाहेर रांग लागायची. खूप मोठी नाही, पण न चुकता. तरी खिडकीताईला स्वस्थता नव्हती. राखाडी पट्टी अधू नजरेला निळी वाटते, तिचे काय करू? जे काम सोडून येऊ शकत नाहीत आणि रेडिओवर ऐकतात, ते हजर की गैरहजर? ती असे प्रश्न घरी आणायची आणि नवरा जेवता जेवता "आधी भाकरी वाढ, मग न्याय कर" म्हणायचा.

दुसऱ्या वर्षी टपालकाका गेले. मुलगी मफलर घेऊन आली.

"बंद करून द्या," ती म्हणाली.

"तुम्ही पुढे चालू ठेवू शकता," खिडकीताई हळूच म्हणाली. "मोकळंच आहे टोक."

"मला फुटबॉल आवडत नाही हो," मुलगी म्हणाली. "मला बाबा आवडायचे."

टोक बंद करणे हाताचे काम आहे. मी फक्त टाके धरून ठेवते. खिडकीताईने एकेक टाका दुसऱ्यातून ओढत साठच्या साठ बंद केले. सुया रिकाम्या झाल्या, मफलर गळून खाली पडला आणि मुलीने तो अलगद उचलून घडी केला. त्या दिवशी पहिल्यांदा मला थांबणे बरे वाटले.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगते. गेल्या हंगामात गर्दी फार वाढली. तीन आठवडे माझ्यातली लोकरीची कसपटे कुणी झाडली नाहीत, तेलाचा थेंबही मिळाला नाही. त्यात संघ आणखी एक सामना हरला. रांगेत दवाखान्यातल्या नर्सबाई होत्या. पाच वर्षांचा त्यांचा मफलर सुयांवर चढला, गाडी निघाली आणि चौथ्या, शेवटच्या फेरीत मधल्या एका सुईची उघडमीट करणारी जीभ कसपटात अडकली. टाका सुटला. लोकर ताणलेली, त्यामुळे तो थांबेना. ओळीमागून ओळ उतरत तो खाली धावत सुटला. कापडात शिडीसारखी उभी फट पडली. कधीही टाका न गाळणारे यंत्र म्हणून माझे नाव होते, मित्रांनो. मी लोखंडाचे असून शरमेने गार पडले.

नर्सबाईंनी तोंडावर हात ठेवला. धावता धावता टाका एका फुगीर पिवळ्या पट्टीपाशी अडला.

खिडकीताईने आकडी सुई घेतली. "वेळ लागेल," ती रांगेला म्हणाली. "ज्यांना घाई आहे त्यांनी पुढच्या वेळी या."

कुणी हलले नाही. तिने पिवळ्या पट्टीतला टाका पकडला आणि वरच्या आडव्या धाग्यातून ओढून एक पायरी चढवली. मग दुसरी. निळी पट्टी लागली तसे दारात उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "हरलो." पुढची निळी. आता दोघे-तिघे म्हणाले, "हरलो." राखाडी. "बरोबरी." निळी, निळी, निळी. आवाज रांगेतून मागे पसरत गेला. मागच्यांना मफलर दिसतही नव्हता, पण सामने त्यांना पाठ होते. टाका पायरी पायरीने वर येत होता, खिडकीताईचा घाम माझ्या पाटावर टपकत होता आणि बाहेर सगळी रांग एका सुरात मोजत होती. शेवटच्या चार पायऱ्या राहिल्या.

"आज?" खिडकीताईने मान वर न करता विचारले.

"हरलो!" सगळे ओरडले, आणि स्वतःच्याच आवाजाला इतके हसले की नर्सबाईंना डोळे पुसावे लागले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने माझी एकेक सुई काढून पुसली आणि तेल घातले. खिडकीताई बाजूला बसून राखाडी पट्टीचा नवा टाका कागदावर आखत होती, खोडत होती, पुन्हा आखत होती. मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या जागी माझ्यासारखे कुणी रोज मुकाट्याने धावत असेल, तर ते अडेपर्यंत वाट पाहू नका. हातातले काम क्षणभर बाजूला ठेवा, त्याची कसपटे झाडा, तेलाचा एक थेंब द्या. आमच्या सुयांवर फक्त लोकर नसते. माणसे आपली वर्षे आम्हाला धरायला देतात.