उंबऱ्यावरून मोजलेला उजेड

माझ्या भिंगातून पाहिले की मधोमध एक बारीक वर्तुळ दिसते. हात लांब करून करंगळी धरली, तर तिच्या नखाआड जेवढे झाकले जाते तेवढेच त्यात मावते. तेवढ्याच जागेचा उजेड मी मोजतो आणि एक आकडा दाखवतो. आजूबाजूच्या लखलखाटाशी मला देणेघेणे नसते.

मित्रांनो, मी फोटोवाल्यांचा प्रकाशमापक, आता जुना झालेला. सगळे मला मीटरच म्हणत. जपानमधल्या एका कारखान्यात मी घडलो आणि नागपूरच्या एका दुकानात काचेआड पडून राहिलो. भंडाऱ्याचे खेमराजभाऊ तिथे आले, तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा होऊन सात-आठ वर्षे झाली होती.

दुकानदाराने त्यांच्यापुढे पांढऱ्या घुमटाचा दुसरा मीटर ठेवला. "हा घ्या भाऊ. चेहऱ्याजवळ धरला की झालं."

"तेच तर जमत नाही. बाई चुलीपाशी जाऊच देत नाही."

"मग तिचा फोटो कायले काढून राहिले?"

भाऊ हसले नाहीत. त्यांनी मला डोळ्याला लावले, रस्त्यापलीकडच्या चहाच्या भट्टीवर रोखले आणि मलाच निवडले. त्यांना दुरून मोजणारा हवा होता.

पुढची काही वर्षे माझ्या मानाची होती. पितळी भांड्यांची चकाकी असो की लुगड्याचा काठ, मला विचारल्याशिवाय भाऊ बटण दाबत नसत. मग नवे कॅमेरे आले, फोटो लगेच पडद्यावर दिसू लागला आणि मी खणात गेलो. माझ्यातला सेल काढायचा राहिला. तो पाझरला, आतल्या पट्ट्या हिरव्या पडल्या. आता कुणी मला उजेडाकडे धरले तरी आकडा उमटत नाही. मित्रांनो, एखादे यंत्र बाजूला ठेवताना त्याचा सेल तेवढा काढून ठेवा. क्षणभराचेच काम असते.

पण माझ्या कामाचा पहिला दिवस मला सांगायचा आहे.

गोसीखुर्द धरणाचे पाणी शिरणार होते अशा एका गावात देवकाबाई राहत होती. गाव जवळजवळ उठले होते. मुलगा इश्वर याने नव्या वसाहतीत घर बांधले होते. तो दोन वर्षे आईला चल म्हणत होता आणि ती दोन वर्षे "पाहू" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "चुलीपाशी बसलेला माहा फोटो काढ, मग पाहू." परक्याने चुलीपाशी यायचे नाही, हा तिचा नेम. खेमराजभाऊंनी उंबऱ्यावरून फोटो काढला, पण चुलीमागच्या झरोक्याच्या उजेडाने कॅमेरा फसला आणि बाई काळी आली. म्हणून मला घेऊन ते पुन्हा गेले होते; इश्वरही सोबत होता.

"मागच्या बारीले कोळसा केला तुनं माहा," देवकाबाई म्हणाली. "नातू भेले ना मले पाहून."

"आता नाही होत, माय. हलू नका फक्त."

भाऊंनी उंबऱ्यावरून मला तिच्या गालावर रोखले. मी पाच दाखवले. अंगणातल्या उन्हात चौदा. फोटो काढून झाला.

"काय पाह्यते रे त्याच्यातून?"

"उजेड किती आहे ते. आत पाच, बाहेर चौदा."

"आन इकडं."

तिने मला डोळ्याला लावले. अंगण पाहिले. मग गल्लीपलीकडे वळली. तिथे कौशल्याबाईचे घर होते. छपराची कवेलू आणि मयाली, म्हणजे तुळया, नव्या वसाहतीत गेल्या होत्या, भिंती तेवढ्या उभ्या होत्या. दाराच्या चौकटीतून कौशल्याबाईची चूल दिसत होती. देवकाबाईने वर्तुळ त्या चुलीवर आणले.

"किती लिहलं आहे, इश्वर?"

इश्वरने डोळा लावला. "चौदा."

"अन तिच्या अंगनात?"

"चौदाच."

तिने मला पुन्हा घेतले नाही. "चाळीस वर्स माही चूल पेटवाले मी तिच्या चुलीवरून इस्तो आनला," ती म्हणाली. "डोये फाडून पाहा लागे, एवढा अंधार राहे तिथं."

भाऊंनी मला खिशात ठेवले नाही, हातातच धरले. इश्वर जमिनीकडे पाहत होता. या वेळी त्याने "चल" म्हटले नव्हते.

देवकाबाईने पदर खोचला.

"उद्या बैलबंडी आन," ती म्हणाली. "निंगू आपन."