मिठाच्या पाण्याचा हात

पार्वतीच्या घरात दोन चुली होत्या आणि लेक एकच. सगळी अडचण तिथेच होती.

पुढची चूल पार्वतीची, थोरल्या जावेची. मागच्या पडवीला भिंत घालून केलेलं स्वयंपाकघर धाकट्या जावेचं, प्राजक्ताचं. प्राजक्ता आणि तिचा नवरा मंगेश आठ वर्षं पणजीत होते. ती तिथे एका हॉटेलात केक-पेस्ट्रीच्या विभागात कामाला होती, आणि परत आरोंद्याला आली ती कमरेइतका ओव्हन टेम्पोत घालून. तेव्हापासून मागच्या दारी लोण्याचा नि साखरेचा वास दरवळायचा आणि पुढच्या दारची अक्षया त्या वासामागे जायची. कॉलेजात असताना धावत जायची. आता कुडाळला बँकेत नोकरीला लागली तरी गाडीवरून उतरली की हेल्मेट आईच्या हातात आणि पाय काकीच्या उंबऱ्यात.

प्राजक्ताला मूल नव्हतं, याची पार्वतीला मनापासून हळहळ होती. फक्त अक्षया मागच्या दारी गेली की ती हळहळ आटायची.

तशात अक्षयाचा साखरपुडा ठरला. मुलगा चंदन, कुणकेश्वरकडचा. पाहुणे इकडे यायचे होते. पार्वतीच्या घराची रीत अशी, की साखरपुड्याला विहिणीपुढे ठेवायचं पहिलं ताट मुलीच्या आईनेच स्वतःच्या हाताने करायचं. पार्वतीच्या सासूने लेकीच्या वेळी केलं होतं, तिच्या सासूनेही. पार्वतीने काय करायचं हा प्रश्नच नव्हता. तिची काजूची वडी आरोंद्यात ठाऊक नाही असं माणूस नव्हतं.

"आये," अक्षया एका रविवारी जेवताना म्हणाली, "ताटात काकीचो तो रिंग ठेवया ना? वडी काय, सगळेच ठेवतत."

रिंग म्हणजे प्राजक्ताचा एक फ्रेंच पदार्थ. मैद्याच्या फुललेल्या कड्याला आडवं कापायचं आणि मध्ये काजूचं क्रीम भरायचं. कुठल्याशा सायकल शर्यतीसाठी फ्रान्सात पहिल्यांदा केला म्हणे, म्हणून चाकासारखा गोल. पार्वतीचा नवरा गुणाजी त्याला चाकच म्हणायचा.

"ठेव गो चाक," तो भात कालवत म्हणाला. "लगीन पटकन धावात."

"ठेव तर," पार्वती म्हणाली. "ताटच काकीक दी. मी मागे उभी रवतंय नि पावण्यांका पाणी देतंय."

"आये, असां काय गो!"

"असां नाय नि तसां नाय. भात घे."

पण रात्रभर ते चाक तिच्या डोक्यात फिरलं. लेकीला हवंय म्हटल्यावर नाही म्हणायचं तोंड तिला नव्हतं. आणि ते ताट जावेच्या हातचं जाणार, हेही तिला गिळवत नव्हतं. सकाळी ती मागच्या दारी गेली.

"रीत आयशीच्या हाताची आसा, तर चाक मीच करतलंय. कागदार लिवन दी."

प्राजक्ता ट्रे घासत होती. तिने हात पुसले, जराही कां-कूं न करता लिहून दिलं. अक्षर मोत्यासारखं. पाणी एक कप, बटर शंभर ग्रॅम, मैदा एक कप, अंडी चार. साखरपुडा बुधवारचा, त्यामुळे अंड्यांची अडचण नव्हती. खाली काजूच्या क्रीमचं वेगळं.

"मी येव मदतीक, वयनी?"

"नको. तुका तुझे ऑर्डरी आसत."

शनिवारी अक्षयाच्या ब्लाउजचं माप द्यायला सावंतवाडीला जायचं होतं. पार्वतीने गुडघ्याचं निमित्त काढलं आणि लेकीला काकीबरोबर पाठवलं. दोघी एका गाडीवर बसून हसत गेल्या. तेवढं हसण्यासारखं मापात काय असतं, असं मनात म्हणत पार्वतीने मागच्या दाराची किल्ली खुंटीवरून काढली.

पाणी-बटर उकळलं, त्यात मैदा एकदम लोटला, उलथन्याने घोटला. घोटता घोटता ती थबकली. भांड्याचा तळ सोडून गोळा होतोय, तळाला पातळ पापुद्रा धरतोय. अगो, ही तर उकड! तांदळाची नाही, मैद्याची, एवढाच फरक. तीस वर्षं चतुर्थीला पन्नास माणसांच्या मोदकांची उकड काढणारीला फ्रेंच लोक काय शिकवणार? तिला एकटीलाच हसू आलं.

उकड कोमट झाल्यावर तिने आपल्या कोंबड्यांची अंडी आणली आणि मोजून चार, एकेक करून घातली. पीठ घट्टच राहिलं. मेंदीच्या कोनासारख्या पिशवीतून बाहेर पडेना, दाबून दाबून अंगठा दुखला. कशीबशी कडी घालून ट्रे ओव्हनमध्ये सरकवला आणि ती काचेसमोर पाट घेऊन बसली.

कडी फुगली नाहीत. रुसल्यासारखी बसून राहिली. बाहेर काढली तेव्हा वरून तडकलेली, आतून गच्च. फोडायला गेली तर जात्याच्या खुंट्यासारखी हातात राहिली.

पार्वतीला एका क्षणात सगळं कळलं. लपवलान! काहीतरी एक लपवलान, आणि मोत्यासारख्या अक्षरात बाकीचं लिहून दिलान.

एवढी खात्री तिला कशी होती? तर, माणूस दुसऱ्याच्या कनवटीला तेच शोधतं जे आपल्या कनवटीला बांधलेलं असतं.

चौदा वर्षांपूर्वी प्राजक्ता नवी नवरी होऊन आली तेव्हा तिने वडी शिकवा म्हणून हट्ट धरला होता. पार्वतीने शिकवली. काजू भाजणं, कुटणं, पाक, सगळं. फक्त एका वेळी तिने प्राजक्ताला केळीची पानं आणायला वाडीत पाठवलं, आणि तेवढ्यात सासूने शिकवलं होतं ते केलं. भाजलेल्या काजूगरांना मिठाच्या पाण्याचा हात लावला आणि ते निखाऱ्यावर पुन्हा सुकवले. त्या एका हाताने काजूचा वास जागा होतो. प्राजक्ताची वडी नंतर नेहमी नुसतीच गोड व्हायची. ती बिचारी विचारायची, काय चुकलं? "त्येका हात लागता गो बाय," पार्वती म्हणायची. खोटं नव्हतंच ते.

कडी तिने परसात कोंबड्यांना टाकली. कोंबड्यांनी चोची मारल्या आणि माना वळवल्या.

संध्याकाळी गाडी अंगणात आली. प्राजक्ता वाळत घातलेले कपडे काढायला परसात गेली आणि हातात अर्धं कडं घेऊनच आत आली.

"वयनी, ह्यां..."

"होय, तांच! काय लपवलंस तां सांग आता. माझ्या चेडवाचो साखरपुडो, नि तू माका दगड करूक लावलंस!"

अक्षया दारातच उभी राहिली. "आये!"

प्राजक्ताचा चेहरा पांढरा पडला. तिने कडं नाकाशी नेलं, दाबून पाहिलं. मग तिने विचारलं, "अंडी खंयची घेतलास?"

"खंयची म्हणजे? आमच्या कोंबयांची. घरात गावठी असताना इकत कोण आणतलो?"

प्राजक्ता गेली आणि आपल्या टोपलीतलं एक अंडं घेऊन आली. मग पार्वतीच्या फळीवरचं एक उचललं. दोन्ही तळहात पुढे केले. एका हातात बाजाराचं, पांढरं, थोराड. दुसऱ्या हातात गावठी, तांबूस, जेमतेम सुपारीहून मोठं म्हणावं असं.

"तुमची चार म्हणजे माझी अडीच," ती हळूच म्हणाली. "पीठ तहानेलां रवलां. चूक माझीच. माका लिवक व्हयां होतां."

अक्षया फिस्सकन हसली. पार्वती हसली नाही. चूक स्वतःकडे ओढून घेण्याचा मानसुद्धा हिलाच मिळावा, हे तिच्या जास्तच जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी बुधवारची तालीम म्हणून दोघी एकत्र उभ्या राहिल्या. उकड पार्वतीने काढली. प्राजक्ता नुसती बघत होती.

"माका हॉटेलात ह्यां जमाक दोन म्हयने लागले," ती म्हणाली. "शेफ रोज वरडी. तुमका पयल्याच खेपेक!"

"त्यात काय," पार्वती म्हणाली, पण उलथनं जरा डौलात फिरलं.

या वेळी सहा गावठी अंडी गेली, सातवं अर्धं. पीठ मऊ झालं, उलथन्यावरून जड पदरासारखं खाली ओघळायला लागलं. ओव्हनचं दार उघडायचं नाही, अशी प्राजक्ताची ताकीद होती. काचेतून बघता बघता कडी फुगली, टम्म झाली, सोनेरी झाली.

"काकी, फुल्लां बघ!" अक्षया ओरडली. काकी म्हणून ओरडली. उकड आईची होती.

मग क्रीम. प्राजक्ताने काजू भाजले, साखर तांबूस होईपर्यंत वितळवून त्यात परतले, गार करून वाटले, तेलकट लोण्यासारखे होईपर्यंत. दाटवलेल्या दुधात आणि बटरमध्ये ते फेटून तिने चमचा पार्वतीपुढे धरला. गोड, गुळगुळीत, छान. आणि पार्वतीला लगेच कळलं, काय नाही ते.

"नेहमी कायतरी कमी रवता," प्राजक्ता चमचा चाटत म्हणाली. "तुमच्या वडयेचो वास हेका येणाच नाय. अजून काजू आसत, परत एकदा करून बघूया?"

पार्वतीने खिडकीकडे पाहिलं. कालची ती दोन अंडी प्राजक्ताने तिथेच ठेवून दिली होती, एक थोराड, एक बारकं.

"तू जरा वाडीत जा," ती म्हणाली. "केळीची पाना काढून घेवन ये."

प्राजक्ता कोयता घेऊन निघाली. का, कशाला, काही विचारलं नाही. उंबऱ्याशी पोचली. चौदा वर्षांपूर्वीही अशीच निघाली होती, अंगावर नव्या नवरीची हिरवी साडी होती, एवढंच.

"थांब," पार्वती म्हणाली.

"काय, वयनी?"

"पाना मगे. हंय ये. वाटयेत पाणी घे नि मीठ घाल. अगो, इतक्या नको, समुद्र करतंस? आता हात बुडव नि गरांका नुसतो लाव. भिजवचे नाय. लावचो."

उरलेले काजू भाजून प्राजक्ताने त्यांना हात लावला. गर पुन्हा धगीवर गेले, आणि थोड्या वेळाने तो वास उठला. प्राजक्ताने तव्यावर वाकून तो ओढून घेतला.

"चवदा वर्सां, वयनी!"

"साडेतेरा," पार्वती म्हणाली. "उगाच वाढव नको."

प्राजक्ताने पदर तोंडाला लावला. हसतेय की रडतेय ते पार्वतीने पाहायचं टाळलं आणि गर परतत राहिली.

बुधवारी पाहुणे आले. विहीण आनंदीबाई पाटावर बसल्या, पुढे पहिलं ताट आलं. मध्ये सकाळीच केलेलं ताजं चाक, वर साखरेची भुकटी, कडेला चार वड्या. त्यांनी एक तुकडा तोंडात घातला आणि बोलता बोलता थांबल्या.

"ह्यां कोणी केलां?"

"आयेन," अक्षया म्हणाली, आणि लगेच, "नि काकीन."

दोन्हींच्या मध्ये जरा थांबली असती तर काय बिघडलं असतं, असं पार्वतीला वाटलं. पण आयेन आधी म्हणाली होती.

"माका ह्यां करूची रीत सांगा हां विहीणबाई," आनंदीबाई दुसरा तुकडा उचलत म्हणाल्या. बाई प्रेमळ होत्या, त्यात वाद नाही. "अक्षयाक आवडता ना? मी घरातच करून घालीन तिका. ह्येच्यासाठी तिका हंय धावत येवची गरजच पडूची नाय."

पार्वतीच्या मनात ओळखीचा जाळ उठला. फक्त या वेळी त्याची धग मागच्या दाराकडे गेली नाही. तिने प्राजक्ताकडे पाहिलं. प्राजक्ता तिच्याकडेच बघत होती.

"एकदम सोपां आसा," प्राजक्ता पुढे होऊन म्हणाली. "एक कप पाणी, शंभर ग्रॅम बटर, एक कप मैदो. काजू भाजून साखरेत परतूचे नि वाटूचे. बस."

"नि अंडी?"

"चार."

"गावठी घेवा," पार्वतीने मायेने भर घातली. "गावठी बरी."

"आमच्याकडे गावठीच आसत!" आनंदीबाई खूश झाल्या.

प्राजक्ताने लगबगीने त्यांच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.