तुरटी झोंबली नाही

पैलवान आयुष्यात कधी कुस्ती खेळला नव्हता. त्याचा घेर बघून गिऱ्हाइकांनीच हे नाव ठेवलं आणि सलूनच्या पाटीवरचं खरं नाव लोक विसरून गेले. त्याची तक्रार नव्हती. लोक हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं, हे तो शाळेतच शिकला होता आणि धंद्यात ते उपयोगीही पडलं. खुर्चीतल्या माणसाला हसवत ठेवायचं, आपलं रडगाणं त्याच्या कानी घालायचं नाही, हा त्याचा नियम होता. त्याच नियमाने त्याचा घात केला.

तो साखरेच्या आजारासाठी जायचा त्या दवाखान्यात वजनकाटा दारातच होता. आकडा मात्र आत नर्सबाईंच्या टेबलावर उमटायचा आणि मान वर न करता त्या तो खणखणीत आवाजात वाचायच्या. बाकावरचे पेशंट आपापली दुखणी विसरून बघत राहायचे.

"बाई, काटा मोडला तर सांगा, भरून देतो," पैलवान म्हणायचा आणि सगळे हसायचे. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तो जेवायचाच नाही. उपाशीपोटी गोळी घेतली की हात थरथरायचे. मग वस्तरा खाली ठेवून तो गिऱ्हाइकाला उगाच एखादा किस्सा सांगत बसायचा.

पायाचं त्याने डॉक्टरांना सांगितलं नाही असं नाही. सांगितलं, पण आपल्या पद्धतीने.

"डॉक्टर, पाय संपावर गेलेत. चप्पल निसटली तरी पत्ता लागत नाही."

डॉक्टर हसले. "एवढं ओझं वाहायचं म्हटल्यावर जाणारच. आधी वजन उतरवा. तोंड बंद, चालणं सुरू."

"तोंड बंद केलं तर दुकान बंद पडेल की!"

पुन्हा हशा झाला आणि पुढचा पेशंट आत आला. पाय दाखवा, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? कुणी म्हटलं नाही.

पैलवान मुकाट्याने चालायला लागला. नवे बूट घेतले. एका संध्याकाळी बायकोने मोजा धुवायला घेतला तर त्याला रक्त.

"अहो, हे काय? दवाखान्यात चला आधी."

"पुन्हा त्या काट्यावर? जरा उतरू दे गं. मग जाऊ."

त्याने दुकानातली तुरटी आणली. दाढी करताना कुणाला कापलं की तो तीच फिरवायचा आणि गिऱ्हाईक हमखास कळवळायचं. झोंबली म्हणजे जखम उघडी, नाही झोंबली म्हणजे मिटली. सगळी हयात या कामात गेली होती, यात तो कधी चुकला नव्हता. त्याने तुरटी तळपायाच्या जखमेवर दाबून धरली. काहीच झालं नाही.

"बघ, झोंबतसुद्धा नाही. भरत आलीय," तो म्हणाला. बायकोचा जीव भांड्यात पडला.

पायातली जाणीवच मेली होती. हे त्याला कोण सांगणार? ज्यांनी सांगायचं, ते हसत होते. तो रोज तुरटी लावत राहिला आणि रोज चालत राहिला. घरात वास सुटला तेव्हा कुठे मोठ्या इस्पितळात नेलं.

"इतके दिवस काय करत होतात?" तिथले सर्जन ओरडले.

"हे चालत होते," बायको म्हणाली. "तुम्ही लोकांनीच सांगितलं होतं."

गुडघ्याखाली पाय कापला. दिवसभर उभं राहून करायचा धंदा, दुकानही गेलं. पैलवानाने किस्से सांगणं सोडलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

पुढे साखर तपासायला बायको त्याला त्याच जुन्या दवाखान्यात घेऊन आली. कुबडी तिच्या हातात देऊन, दाराची चौकट धरून तो काट्यावर चढला. बाकावर कुणी हसलं नाही. नर्सबाईंची मान त्याच्या जुन्या केसपेपरावर खालीच होती.

"अरे वा, पैलवान! चांगलं उतरलं की! शाब्बास!"

या दारात त्याला आजवर कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता, मनापासून, पाठ थोपटलेल्या पोरासारखा. कुबडी छातीशी धरून ती तिथेच रडायला लागली.