कागदापुरती तिजोरी

“हात लावू नका, अजून गरम आहे,” तिजोरी उघडायला आलेला मिस्त्री म्हणाला.

सिस्टरनं तरी दाराला हाताची पाठ टेकवलीच, तापलेल्या पोराच्या कपाळाला टेकवावी तशी. दवाखान्यातली नोकरी केव्हाच संपली होती. सवय सुटली नव्हती आणि गल्लीनं दिलेलं नावही.

आदल्या दिवशी ती बाजारात गेली असताना घरातली वायर पेटली. आता नुसत्या काळ्या भिंती उरल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध ही तिजोरी.

“उघडा हो लगेच,” तिचा मुलगा उतावीळ झाला होता. “काय राहिलं, काय गेलं, ते तरी कळेल.”

“आतले कागद तापलेले असतात, दादा. आत्ता वारा लागला तर भपकन पेटतील. एवढं सोसलंत, संध्याकाळपर्यंत दम धरा.”

“थांबू,” सिस्टर म्हणाली. ताप उतरायची वाट बघण्यातच तिचा जन्म गेला होता.

तिघं शेजारणीच्या अंगणात जाऊन बसले. मुलाचा जीव कागदांत नव्हता, एका कॅसेटमध्ये होता. त्याचे वडील जहाजावर कामाला होते. तो पाळण्यात असताना त्यांनी पत्राऐवजी आपला आवाज भरून पाठवला, आणि त्या सफरीवरून ते परत आलेच नाहीत. लहानपणी त्यानं तो ऐकला होता, पण पुढं टेपरेकॉर्डर बिघडला. दुरुस्ती आज-उद्या करता करता राहून गेली, आणि कॅसेट तिजोरीत गेली.

उन्हं उतरल्यावर मिस्त्रीनं दार उघडलं. घराचे कागद कडेला पिवळे पडले होते, पण शाबूत होते. बांगड्याही होत्या.

“कागद आगीतून निघाले आणि ओले कसे?” मुलानं विचारलं.

“तिजोरीच्या दोन पत्र्यांमध्ये भरलेला मसाला तापला की वाफ सोडतो. त्या वाफेनंच वाचवलं यांना.”

कॅसेटचा मात्र काळा गोळा होऊन फळीला चिकटला होता.

मिस्त्रीचा आवाज खाली आला. “ही तिजोरी कागदापुरती असते, सिस्टर. कागदाला सोसते तेवढी आच प्लास्टिकला नाही सोसत. त्याची पेटी वेगळी मिळते.”

“तुमचा काय दोष,” ती म्हणाली.

तो गेल्यावर ती शेजारणीच्या दोरीवर कागद वाळत घालू लागली. मुलगा तो गोळा हातात घेऊन उभा होता.

“काय बोलले होते गं बाबा? मला काहीच आठवत नाही.”

सिस्टरचा हात थांबला. तिनं घसा खाकरला आणि जरा जाड, सावकाश आवाजात म्हणाली, “ऐकतेस ना? मी बरा आहे. इथल्या स्वयंपाक्याचं आणि मिठाचं काय वैर आहे कळत नाही. पोरगं रांगायला लागलं का? पायरीशी लक्ष ठेव. माझ्यावर गेलं असेल तर ऐकायचं नाही कुणाचं.” मग ती खोकली, पुरुषासारखी. “बाकीचं आल्यावर बोलू.”

मुलगा पुढचं ऐकायला तसाच उभा राहिला.

“इथं संपते पट्टी,” ती आपल्या आवाजात म्हणाली आणि चिमट्यासाठी हात पुढे केला.