शिक्का नसलेला अर्ज

"पोरी, आधी तारीख वाचायची, मजकूर मागाहून." मामांचं हे सांगणं टायपिस्टच्या अंगवळणी पडलं होतं. कोर्टाच्या व्हरांड्यातलं तिचं टायपिंगचं टेबलही मामांकडूनच आलेलं. म्हणून म्हातारीने पुढे केलेल्या निकालाची तिने आधी तारीख पाहिली. अपिलाच्या मुदतीतले चारच दिवस उरले होते.

मग मजकूर. म्हातारीच्या मुलाचा कोठडीत हात मोडला. अकरा दिवस डॉक्टरला दाखवलं नाही, हाड वाकडं जुळलं. त्याने तुरुंगावर हक्कभंगाचा दावा लावला. कोर्टाच्या नोटिशीला त्याचं उत्तर आलं नाही, म्हणून दावा फेटाळला.

"उत्तर येणार कुठून?" म्हातारी म्हणाली. "नोटीस गेली जुन्या तुरुंगात, पोरगा नव्यात. पण पत्ता बदलल्याचा अर्ज दिला होता की आपण! तूच म्हणालीस, 'मावशी, गुडघे दुखतात तुमचे, तुम्ही जा, कोर्टाच्या खिडकीवर मी देते.'"

टायपिस्टने टेबलाचा खण ओढला. कार्बन कागदांच्या गठ्ठ्याखाली अर्ज तसाच होता, दोन्ही प्रतींसकट. अर्ज मिळाल्याचा शिक्का एकीवरही नाही. त्या दिवशी खिडकी लवकर बंद झाली होती. उद्या देऊ म्हणून ठेवला, तो ठेवलेलाच राहिला.

म्हातारीला वाचता येत नव्हतं. खण लोटून दिला असता तर कुणालाच कळलं नसतं.

"मावशी, अर्ज गेलाच नाही. माझ्या हातून राहिला."

म्हातारीने त्या कागदावरून बोट फिरवलं. "आणि मी बाई रोज दिव्यापाशी तुझं नाव घेत होते," ती म्हणाली.

मोफत सल्ला केंद्रातल्या वकीलबाईंनी टेबलापाशी येऊन अर्ज उलटसुलट करून पाहिला. "अपिलाला आधार आहे. पण अर्ज तुमच्याकडेच राहिला, असं प्रतिज्ञापत्र तुम्हाला द्यावं लागेल. आणि टायपिस्टने दुसऱ्याचे कागद खिडकीवर द्यायचे नाहीत, हा नियम ठाऊक आहे ना? टेबल जाईल."

"ठाऊक आहे. सांगा, घेते टाइप करून."

"स्वतःचंच?"

"शेजारच्याला दिलं तर शुद्धलेखनाच्या चुका निघतील."

शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट ऐकतच होता. "हरिश्चंद्राने निदान स्वप्नात राज्य दिलं," तो म्हणाला, "तू जागेपणी टेबल देतेस!" तरी तिच्या यंत्राची फीत संपली तेव्हा स्वतःची नवी त्यानेच काढून दिली.

दुपारपर्यंत प्रतिज्ञापत्रावर तिची सही झाली. उरली कैद्याची, अपिलावर. ती तुरुंगाधिकाऱ्यासमोरच व्हायला हवी होती. तिथे सह्या फक्त मंगळवारी घेत. आज मंगळवार होता. नवा तुरुंग दोन बस बदलून.

"मी आणते सही," ती म्हणाली.

"मागेही असंच म्हणाली होतीस," म्हातारी म्हणाली.

तिने यंत्रावर कापड घातलं, कागद पिशवीत ठेवले. म्हातारीने पिशवीचा बंद धरला. सोडेना. मग हळूच सोडला.

"डाव्या हाताने सही करतो तो हल्ली. वेळ लागतो. घाई करू नकोस त्याची."

"नाही करणार."

पायऱ्या उतरून ती बसथांब्याकडे चालू लागली.